ए बाजूची गुणगुण

माझ्याकडे साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्या ए बाजूला माझी आत्या जात्यावर बसून ओव्या म्हणते. 1991 सालच्या मे महिन्यात सास्तूरकडच्या तिच्या गावी गेलो होतो, तेव्हा वडिलांचा एका स्पीकरचा टेप बरोबर नेला होता. पहाटे लाईट नव्हती, म्हणून चार सेल घालून मुद्रण केलं. ए बाजू संपता संपता सेल उतरले. संध्याकाळी लाईट आल्यावर एलिमिनेटर लावून बी बाजू भरली. आत्या मधेच म्हणते, "आता बंद कर की ते, पीठ संपलं." ते वाक्यही त्यात आलं आहे.

दोन वर्षांनी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं जमीनदोस्त झाली. जाड दगडी भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद अशी ती घरं होती. आत्या त्यातच गेली. जातंही सापडलं नाही. कॅसेट धाराशिवला आमच्या घरी कपाटात होती, म्हणून राहिली.

या लेखाचा विषय वीज आहे, आणि तिचं कारण ही कॅसेट. गेल्या वर्षी ती संगणकात उतरवून घ्यायचं ठरवलं. ओव्या जपण्याचं मोठं काम पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी केलं आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे, आणि 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या लोकांपुढे येत आहेत. त्या मानानं माझं काम एका घरापुरतं, एका बाजूचं. पण सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेल्या डेकवर कॅसेट लावली आणि आत्याच्या आवाजाखाली एक सलग 'हूंऽऽ' ऐकू आलं. शांत जागी तर तेवढंच ऐकू येई. जात्याची घरघर त्यात बुडून गेली होती.

आपल्याकडच्या मिस्त्री लोकांच्या भाषेत याला 'हम्म मारणे' म्हणतात. मला ती गुणगुण परकी वाटण्याचं एक साधं कारण होतं: ए बाजू सेलवर भरली होती. सेलमध्ये गुणगुण नसते. म्हणजे हे जे ऐकू येतं ते त्या पहाटेचं नाही, माझ्या टेबलावरचं आहे. माझ्या टेबलावरचं असेल, तर ते काढता आलं पाहिजे.

मी पेटीवर सूर धरून पाहिला. ती गुणगुण खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर बसत होती. पांढरी पाच तिथे 98 हर्ट्झ, काळी चार सुमारे 104, आणि मधे हा 100. वाद्याच्या कुठल्याच पट्टीत न बसणारा हा बेसूर नेमका 100 हर्ट्झचाच असण्याला कारण आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होते. डेकच्या आतल्या मंडळाला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. चार डायोडांचा चौकोन, ज्याला ब्रिज म्हणतात, तो मागे जाणारा अर्धा भागही पुढे वळवतो, त्यामुळे 50 हेलकाव्यांचे 100 उंचवटे होतात. उंचवट्यांमधले खड्डे भरण्यासाठी मोठा कंडेन्सर लावतात. तो खड्डे भरतो, पण पूर्ण नाही. उरलेली लाट म्हणजेच ती गुणगुण.

ही लाट किती, याचा हिशेब करता येतो. विहिरीवरची मोटार थांबून थांबून हौदात पाणी टाकते आणि हौदाची तोटी सतत उघडी आहे, असं समजा. दोन हप्त्यांच्या मधे हौदाची पातळी उतरते. हौद जितका मोठा तितकी ती कमी उतरते, आणि तोटी जितकी मोठी तितकी जास्त. विजेच्या हौदात दोन हप्त्यांमधला वेळ एक शतांश सेकंद. वापर 100 मिलिॲम्पिअर आणि कंडेन्सर 2200 मायक्रोफॅरडचा असेल, तर पातळी साधारण 0.45 व्होल्टने वरखाली होते. कॅसेटच्या हेडमधून येणारा आवाजाचा संदेश एका मिलिव्होल्टच्याही काही अंशाइतकाच असतो. म्हणजे ज्या घरात कुजबुज ऐकायची, त्याच घराचा पाया त्या कुजबुजीच्या हजारपट हलतो आहे. जुन्या डेकमधल्या एकेका ट्रान्झिस्टरच्या प्रवर्धकाला ही हालचाल झाकता येत नाही. तो ती संदेशात मिसळून पुढे पाठवतो.

इथे कोणीही म्हणेल की कंडेन्सर दहापट मोठा घ्या. घेतला. गुणगुण कमी झाली, गेली नाही. शिवाय एवढा मोठा रिकामा कंडेन्सर चालू करताच एका फटक्यात भरतो, आणि तो झटका डायोडांना आणि फ्यूजला सोसावा लागतो. हौद वाढवण्याला मर्यादा आहे. तोटीवर माणूस बसवायला हवा.

तो माणूस म्हणजे रेग्युलेटर. त्याच्यापाशी एक न बदलणारं माप असतं, आणि बाहेर जाणारा दाब तो सतत त्या मापाशी ताडून पाहतो. दाब वाढला की तोटी आवळतो, कमी झाला की सैल करतो. 1976 साली अमेरिकेतल्या नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीत रॉबर्ट डॉबकिन यांनी 'एलएम 317' नावाची तीन पायांची आयसी तयार केली. तिच्या पोटातलं माप 1.25 व्होल्टचं. बाहेरून दोन रेझिस्टर लावून त्या मापाच्या कितीपट दाब हवा ते आपण ठरवायचं. 220 ओहम आणि 2400 ओहम लावले की बरोबर 15 व्होल्ट मिळतात. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीची ही आयसी आजही कुठल्याही शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळते. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर मिळतेच, आमच्याकडे सोलापूरलाही मिळते.

याला 'लिनिअर' म्हणजे सरळ रेषेतला रेग्युलेटर म्हणतात. मोबाइलच्या चार्जरमधला रेग्युलेटर वेगळ्या जातीचा. तो तोटी अर्धवट धरत नाही, सेकंदाला हजारो वेळा पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद करतो. त्यात वीज फारशी वाया जात नाही, पण त्या उघडझापीचा कचरा तारांतून आणि हवेतून पसरतो, आणि हेडच्या नाजूक संदेशापाशी तो नको असतो. लिनिअर रेग्युलेटर उरलेला दाब उष्णता करून फेकून देतो. तेवढी उधळपट्टी मी आत्यासाठी मान्य केली.

पहिला संच मात्र मी 317 चा केला नाही. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवताना मुलांना 7815 आणि 7915 या ठरावीक दाबाच्या आयसी लावून देत असे, तीच सवय. 15-0-15 चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन्ही बाजूंना 2200 चे कंडेन्सर, आणि हेडसाठी ऑपॲम्पचा नवा प्रवर्धक. डाख देताना हात थरथरला, वय झालं आहे. धाराशिवच्या घरी दुपारी चालू केलं. गुणगुण गेली. जात्याची घरघर ऐकू आली, आणि त्या घरघरीत खुंटा वरच्या पाळूत सैल असल्याचा एक हलका 'टक'. प्रत्येक फेऱ्याला एक. तो टक मी तीस वर्षं विसरलो होतो.

उतरवण्याचं काम मी शेतवस्तीवर करायचं ठरवलं, कारण शहरात रस्त्याचा आवाज. आमची वस्ती तेरणेच्या काठाला, तेरपासून फार लांब नाही. पेटी तिथे नेली. रात्री नऊला कॅसेट लावली, आणि गुणगुण परत. तीच पांढरी पाच, किंचित वर. आयसी खराब झाली असं समजून दोन्ही बदलल्या. काही फरक नाही. मध्यरात्री कंटाळून पडलो. पहाटे पुन्हा लावून पाहिली, तर स्वच्छ!

धाकटा भाऊ तिथेच शेती करतो. तो चहा घेत म्हणाला, "दादा, रात्री समद्यांच्या मोटारी चालू व्हत्या की. ह्या आठवड्यात थ्री फेज रातची हाय."

शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते, हे मला माहीत होतं. पण जी गोष्ट त्याला दिव्याच्या मंद होण्यावरून कळते, ती मला मीटर लावून कळली. त्या रात्री पुन्हा मोजलं तर घरात 180 व्होल्ट होते. पहाटे मोटारी बंद झाल्यावर मोजलं तर 255.

आता कागदावर हिशेब मांडला. हा हिशेब मी आधीच मांडायला हवा होता. चाळीस वर्षं मुलांना मांडायला लावला आणि स्वतः विसरलो. ट्रान्सफॉर्मरवर 15 लिहिलेलं असतं ते 230 व्होल्टला. लाटेचा माथा त्याच्या 1.414 पट, म्हणजे 21.2. डायोडात 0.7 जातात, उरतात 20.5. लाटेच्या तळाशी साधारण 20. आणि 7815 ला 15 व्होल्ट देण्यासाठी स्वतःच्या वर किमान दोन व्होल्ट हवे असतात, म्हणजे 17. तीन व्होल्ट हातात राहतात, काम ठीक चालतं. पण घरात 180 आले की 15 चे 11.7 होतात, माथा 16.6 आणि डायोडानंतर 15.9. तोटीवरचा माणूस तोटी पूर्ण उघडून बसला आहे आणि हौदातच पाणी नाही. हौदाची पातळी जशी हलेल तशी बाहेरची धार हलते. रेग्युलेटर आहे, पण नसल्यासारखा. माझ्या संचाची ही मर्यादा 200 व्होल्टच्या आसपास येत होती. पुण्यामुंबईच्या माणसाने लिहिलेल्या कृतीत ही ओळ नसते, कारण त्याच्याकडे 200 च्या खाली वीज सहसा उतरत नाही.

इथे नळदुर्गच्या पाणीमहालाची आठवण झाली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला हा महाल. पावसाळ्यात वरून पाणी कोसळत असतं आणि आतल्या खोलीत माणूस कोरडा उभा असतो. लोक त्या धबधब्यासाठी येतात. पण बांधणाऱ्याची खरी परीक्षा बंधाऱ्याची उंची ठरवण्यात झाली असणार: किती पुराला आतली खोली कोरडी राहील? माझी बंधाऱ्याची उंची चुकली होती.

दुसरा संच 18-0-18 च्या ट्रान्सफॉर्मरवर बांधला. 180 व्होल्टलाही तळाशी साधारण 18.7 मिळतात, पावणेचार व्होल्ट हातात. उलट टोकालाही पाहावं लागतं. 260 व्होल्ट आले तर माथा 28 च्या वर, आणि वापर कमी असताना छोटे ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा जास्तच देतात, तेव्हा 32-33 धरावे. म्हणून कंडेन्सर 35 व्होल्टचे न घेता 50 चे घेतले. रेग्युलेटरवर तेव्हा 13 ते 18 व्होल्ट उरतात. 100 मिलिॲम्पिअर वाहत असतील तर दीड वॅटच्या आसपास उष्णता. हाताला चांगली जाणवेल इतकी. ॲल्युमिनियमची पट्टी लावायलाच हवी.

या पट्टीनेच मला दगा दिला. या वेळी धन बाजूला 317 आणि ऋण बाजूला तिची जोडीदार 337 घेतली होती. दोघी दिसायला जुळ्या, पण पाय वेगळ्या क्रमाने. 317 ची पाठ तिच्या आउटपुटला जोडलेली, 337 ची पाठ इनपुटला. एकाच पट्टीवर दोघींना अभ्रकाचा तुकडा न घालता स्क्रूने आवळलं आणि बटण दाबलं. आउटपुटचा कंडेन्सर उलट्या दाबाने फुगला आणि फट्कन फुटला. खोलीभर धूर. वहिनी बाहेरून ओरडल्या, "भावजी, काय जळालं वो?" मी म्हणालो, "अक्कल." ज्याला हे करायचं आहे त्याने अभ्रक किंवा सिलिकॉनची चकती आणि स्क्रूसाठी प्लास्टिकची टोपी विसरू नये. दोन वेगळ्या पट्ट्या सर्वांत बऱ्या. आणि 230 व्होल्टच्या बाजूला अर्ध्या ॲम्पिअरचा फ्यूज, फेजच्या तारेत बटण, धातूच्या पेटीला अर्थिंग. यात हयगय नको. आपल्याकडच्या वस्त्यांवर अर्थिंगची तार कित्येकदा नुसती भिंतीत खोचलेली असते. आधी ती पाहावी.

317 घेण्याचं कारण एका छोट्या कंडेन्सरमध्ये आहे. तिच्या ॲडजस्टच्या पायाशी 10 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला की लाट दाबण्याची तिची ताकद 65 डेसिबलवरून 80 वर जाते. डेसिबलचा आकडा फसवा असतो. 65 म्हणजे सुमारे 1800 पट, 80 म्हणजे दहा हजार पट. आपली 0.45 व्होल्टची लाट त्यातून 45 मायक्रोव्होल्ट होऊन निघते. दोन रुपयांच्या वस्तूने केलेलं काम म्हणून मला याचं फार कौतुक आहे. 337 च्या आउटपुटलाही कंडेन्सर हवाच, नाही तर ती स्वतःच कंप पावू लागते. आणि वीज गेल्यावर हे कंडेन्सर आयसीतून उलटे रिकामे होऊ नयेत म्हणून दोन डायोड.

ध्वनीच्या शौकिनांचं एवढ्यावर भागत नाही. 1995 साली 'ऑडिओ ॲमेच्युअर' या अमेरिकी नियतकालिकात वॉल्ट जुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपॲम्प वापरून बांधलेल्या 'सुपर रेग्युलेटर'ची लेखमाला लिहिली. तिचे चाहते आजही ते मंडळ बांधतात. माझ्या मते कॅसेटला त्याची गरज नाही. कॅसेटच्या फितीची स्वतःची सळसळ त्याच्या कितीतरी वर असते. पैसे उरलेच तर हेड साफ करायला चांगलं स्पिरिट घ्यावं आणि हेडचा तिरपेपणा नीट लावून घ्यावा. त्याने जास्त ऐकू येतं.

दुसरा संच रात्री, मोटारी चालू असताना, 180 व्होल्टवर लावला. 100 हर्ट्झचा सूर गेला होता. पण कान देऊन ऐकल्यावर आणखी खाली, खर्जाच्याही खर्जात, एक मऊ धुगधुग राहिली होती. पेटीवर तो सूर उतरतच नव्हता. हा 50 चा. 100 चा सूर डायोडांनंतर जन्मतो, 50 चा डायोडांच्या आधीचा असतो, म्हणून तो रेग्युलेटरला चुकवून दुसऱ्या वाटेने आला असला पाहिजे. वाट शोधायला मी यूपीएसच्या 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणल्या आणि प्रवर्धक त्यांच्यावर चालवला. ट्रान्सफॉर्मरची पेटी मात्र तिथेच शेजारी चालू ठेवली. धुगधुग तशीच. पेटीची पिन काढली, धुगधुग गेली. म्हणजे ती तारेतून येतच नव्हती. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र हवेतून थेट हेडमध्ये शिरत होतं. हेड हेही शेवटी तारेचं वेटोळंच. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात घालून दीड हात लांब ठेवला, आणि मोटारीची वीज प्रवर्धकापासून तोडून निराळी केली.

बॅटरीवरच का नाही चालवलं, असं मला दोघांनी विचारलं. चालवता आलं असतं. ए बाजूच्या तीस मिनिटांसाठी बॅटऱ्या पुरल्या असत्या. पण माझी ही बातमी भावकीत पसरली होती आणि माझ्या टेबलावर आता एकोणीस कॅसेट आल्या आहेत. कोणाच्या आजीचं गाणं, कोणाच्या लग्नातली आराध्यांची मेळ, तुळजापूरच्या वाटेवर भरलेला एक गोंधळ, ज्यात संबळ एवढा जवळ ठेवला आहे की गोंधळी ऐकूच येत नाही.

ए बाजू एका पहाटे उतरवली. पीठ संपलं ते वाक्य आल्यावर फीत संपली.

मग बी बाजू लावली, आणि गुणगुण आली. पेटी तीच, तारा त्याच, घरात 230 व्होल्ट. पिना काढून, बॅटऱ्या लावून, सगळं करून पाहिलं. हलली नाही. संगणकावर तिचं चित्र काढलं तेव्हा ती 100 वर नव्हतीच. थोडी खाली होती आणि जागेवर थांबतही नव्हती, मिनिटागणिक सरकत होती. तेव्हा उलगडलं. ही 1991 च्या त्या संध्याकाळची गुणगुण आहे. आमच्या एलिमिनेटरमधून फितीवर उमटलेली.

तिच्या सरकण्यात टेपच्या मोटारीच्या कमीजास्त वेगाचा वाटा असणार. पण विजेचाही आहे. त्या काळी पश्चिम विभागाच्या जाळ्यातली वारंवारता 50 वर स्थिर नसे. संध्याकाळी मागणी वाढली की ती उतरायची, रात्री चढायची. 2002 साली विजेच्या देवाणघेवाणीचे दर वारंवारतेशी बांधले गेले तेव्हापासून ती आवरली जाऊ लागली. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर ते सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडून दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला मिळालं, तेव्हापासून तर साऱ्या देशाची वीज एका तालात हलते. आजच्या कुठल्याही मुद्रणात अशी भटकी गुणगुण सापडायची नाही.

संगणकात ती गाळून टाकण्याची सोय आहे. भाच्याने एका बोटासरशी करून दाखवली. आत्याच्या आवाजाचा खालचा भागही त्याबरोबर थोडा पातळ झाला. मी दोन्ही फायली ठेवल्या आहेत, गाळलेली भाच्यासाठी. माझ्याकडची बी बाजू तशीच आहे. तिच्यात सातव्या मिनिटाला ती गुणगुण एकदम वर चढते, आवाज बारीक होतो, आणि मागे कोणीतरी म्हणतं, "लाईट चालली बघ." पुढचे काही क्षण फितीवर जातं एकटंच फिरतं आणि थांबतं.